टाचांना भेगा पडल्यात? आधी वज्री खाली ठेवा

लग्न होऊन चिपळूणहून पुण्यात आले, त्या पहिल्याच डिसेंबरात एका रात्री माझी टाच गोधडीच्या टाक्यात अडकली. झोपेत पाय ओढला आणि खर्रकन दोरा उसवला. गोधडी सासूबाईंनी हाताने शिवलेली. सकाळी त्यांनी आधी उसवलेला दोरा बघितला, मग माझे पाय बघितले आणि म्हणाल्या, "अगं, जळवाता झाल्यात की तुला!" हा शब्द मी आजीकडून ऐकला होता, पण तो दुसऱ्या कुणाच्या पायांबद्दल. कोकणात हवेला सतत ओल असते. तिथे अनवाणी अंगण झाडलं तरी माझ्या टाचा कधी उलल्या नव्हत्या.

पुढच्या दोन हिवाळ्यांत जे जे करू नये ते सगळं मी केलं. तुळशीबागेतून वज्री आणून टाच लाल होईपर्यंत घासली. लिंबाची फोड चोळली, ती भेगेत अशी झोंबली की मोरीतच मटकन बसले. एकदा तर कुरूप कापायचं ब्लेड आणून निबर कातडी सोलून काढली. दोन दिवस टाच कशी गुळगुळीत! तिसऱ्या दिवशी सोललेली जागा ठणकायला लागली, पाचव्या दिवशी पू झाला. मग डॉक्टर, गोळ्या आणि वर "हे उद्योग कुणी सांगितले होते?" हेही ऐकून घेतलं.

आता ऑफिसात दर थंडीत कुणीतरी नवीन आलेली मुलगी हळूच चप्पल सरकवून विचारते, "ताई, तुम्ही काय लावता?" लावायचं काय हा प्रश्न तसा दुय्यम आहे. भेग पडते ती कोरडेपणामुळे आणि दाबामुळे, आणि आपण तिला मळ समजून घासत बसतो. सगळा घोळ तिथे होतो.

भेग पडते कशी

तळपायाच्या कातडीत तेलाच्या ग्रंथीच नसतात. घामाच्या भरपूर असतात, पण घाम उडून जातो आणि त्याला धरून ठेवायला तेल नसतं. त्यात तळव्याची कातडी अंगावरच्या बाकी कुठल्याही कातडीपेक्षा जाड. तिचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. त्यात पाणी आहे तोवर तो लवतो, वाळला की पापडासारखा होतो.

आता भिंतीला धरून उभ्या राहा आणि घरातल्या कुणाला तरी मागून टाचेकडे बघायला सांगा. वजन पडलं की टाचेखालची चरबीची गादी चपटी होते आणि कडेने बाहेर फुगते. कडेची कातडी मऊ असेल तर ती गादीबरोबर ताणली जाते. निबर झालेली असेल तर तिथेच फाटते. म्हणून भेगा टाचेच्या मधोमध कमी आणि कडेला जास्त, त्याही बहुतेक उभ्या. दिवसभर उभं राहणाऱ्यांना, अंगाने जरा भरलेल्यांना आणि मागून उघडी चप्पल घालणाऱ्यांना त्या जास्त पडतात, याचं कारणही हेच.

पुण्याच्या हवेचा यात मोठा हात आहे. नोव्हेंबरात हवा कोरडी होते, जानेवारीच्या पहाटे कधी कधी पारा १० अंशांच्या खाली जातो आणि फेब्रुवारी ते एप्रिल दुपारच्या वेळी दोरीवरची जीन्स दोन तासांत खडखडीत वाळते. कपडे वाळल्यावर आपल्याला बरं वाटतं, टाचा वाळतात तिकडे लक्ष नसतं. उपनगरांतल्या ज्या सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी येतं, तिथे साबण नीट निघत नाही, त्याची साय अंगावर राहते आणि कातडी आणखी ओढल्यासारखी होते. जुन्या वाड्यांतल्या शाहाबादी फरशीवर काय किंवा नव्या फ्लॅटमधल्या टाइल्सवर काय, आपण घरात अनवाणीच फिरतो. कडक फरशीवर टाच दिवसभर आपटत राहते आणि शरीर त्याला उत्तर म्हणून कातडी आणखी जाड करतं.

पहिली पायरी: पाय नीट बघा

हे काम दिवसाउजेडी करा. स्टुलावर बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्या. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा. तारीख राहते, त्यामुळे तो फोटो पुढे तुलनेलाही उपयोगी पडतो.

नुसत्या पांढरट, कोरड्या रेषा असतील आणि दाबल्यावर दुखत नसेल तर काम सोपं आहे. भेग उघडी असेल, तळाशी लालसर दिसत असेल, चालताना कळ येत असेल तर क्रम थोडा बदलतो, तो पुढे सांगते.

मधुमेह असेल, पायाची संवेदना कमी झाली असेल, पायातला रक्तपुरवठा कमी असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर मात्र हा लेख पुढे वाचा, पण पाय भिजवणं, घासणं आणि औषधी क्रीम यांतलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. मधुमेहात पायाला चटका बसलेला किंवा चिरलेलं कळत नाही, जखम भरायला वेळ लागतो आणि छोट्या भेगेतून मोठं दुखणं उभं राहतं. अशा माणसाने रोज पाय बघायचा, बोटांच्या बेचक्यांसकट. स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांनी बघायचा.

सामान

फार काही लागत नाही. पाय बुडतील एवढं घमेलं किंवा पसरट टब, एक मऊ पंचा, सुती मोज्यांचा एक जोड (जुने चालतील, पण बोटाला भोक नको), पेट्रोलियम जेली किंवा कोकम तेल आणि कडा निबर असतील तर युरिया असलेली क्रीम. वज्री किंवा सच्छिद्र दगड घरात असेल तर असू द्या. नसेल तर लगेच धावत जाऊन आणायची गरज नाही.

कोकम तेलावर जरा थांबते, कारण ते माझ्या माहेरचं. आम्ही त्याला भिरंडेल म्हणतो. कोकमाची फळं सोलून आमसुलं वाळत घातली की बिया उरतात. त्या वाळवून, कुटून पाण्यात उकळायच्या, वर आलेला तवंग काढायचा आणि तो कोमट असतानाच मुठीत दाबून गोळा वळायचा. आजीच्या फडताळात असे फिकट पिवळसर गोळे असायचे, एकेकावर तिच्या बोटांचे ठसे. पुण्यात ते काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. मंडईच्या आसपास किंवा रविवार पेठेत विचारलं तर कुणीही दुकान दाखवेल.

हे तेल भेगेसाठीच का, याला साधं कारण आहे. कोकम तेल साधारण ४० अंशांना वितळतं, खोबरेल २४ अंशांच्या आसपास. तळपाय नेहमी बाकीच्या अंगापेक्षा थंड असतो. खोबरेल टाचेवर पातळच राहतं आणि चादरीला लागून जातं. कोकम तेल मात्र भेगेत उतरतं, तिथेच थिजतं आणि बूच मारल्यासारखं बसतं. बाहेरची धूळ आत जात नाही, आतली ओल बाहेर येत नाही.

लावायची रीत अशी. गोळ्याचा वाटाण्याएवढा तुकडा स्टीलच्या चमच्यात घ्या आणि चमचा गरम पाण्याच्या वाटीत धरा. आजी थेट निरांजनावर धरायची, पण मग ते कढतं आणि टाच भाजते. तुकडा वितळला की चमचा बाहेर काढून अर्धा मिनिट थांबा. आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब लावून बघा. सोसवला तर कापसाच्या बोळ्याने भेगेत सोडा आणि थिजेपर्यंत पाय खाली टेकवू नका.

पेट्रोलियम जेली कमी दर्जाची आहे असं मात्र मला वाटत नाही. वासाने मन भरून येत नाही, पण काम चोख. दोन्ही गोष्टी कातडीला पाणी देत नाहीत, असलेलं पाणी अडवतात. तेव्हा कोरड्याठक्क टाचेवर काहीही थापलं तरी उपयोग थोडाच. आधी ओल, मग झाकण.

रात्रीचा क्रम

झोपायच्या आधी करा. सकाळी लावलं आणि फरशीवर चाललात तर सगळं फरशीला, शिवाय घसरून पडायची भीती.

पाणी कोमट घ्या. कोमट म्हणजे कोपर बुडवल्यावर गरम न वाटणारं. त्यात पाय दहा मिनिटं, फार तर पंधरा. टीव्हीवर मालिका लावून तासभर पाय बुडवून बसणाऱ्या आमच्या शेजारच्या काकूंना मी हे दर वर्षी सांगते. जास्त वेळ भिजल्यावर बोटं सुरकुततात ना, तेव्हा कातडीतले पाणी धरून ठेवणारे घटकही पाण्यात जातात आणि बाहेर आल्यावर टाच आधीपेक्षा कोरडी होते. कढत पाणी तर त्याहून वाईट. पाण्यात मीठ, शाम्पू, लिंबू, खायचा सोडा, काही घालू नका. लिंबाच्या आम्लाने उघडी भेग चरचरते आणि सोड्याने कातडी आणखी कोरडी पडते. मळ असेल तर सौम्य साबण तळहातावर घेऊन एकदा फिरवा आणि धुऊन टाका, बस.

रोज भिजवायलाच पाहिजे असंही नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. बाकीच्या दिवशी झोपताना पाय धुतले की झालं.

मग पुसणं. पंचा दाबून पाणी टिपायचं, खसाखसा नाही. बोटांच्या बेचक्या पूर्ण कोरड्या करायच्या, टाच मात्र किंचित दमट ठेवायची आणि चार-पाच मिनिटांच्या आत लावायचं ते लावायचं. ही चार-पाच मिनिटं महत्त्वाची आहेत. फोन आला, कुकर लावला, दाराशी कुणी आलं की ओल उडून गेलीच. मी डबी टबाशेजारीच ठेवते.

क्रीम किंवा जेली बोटावर घेऊन टाचेच्या कडेवर लावा, तळाशी लावा, पण बोटांच्या बेचक्यांत लावू नका. तिथे आधीच दमट असतं, त्यात तेलकट भरलं की बुरशीला आयतं घर मिळतं. वर सुती मोजे. पहिल्या रात्री मोज्यांनी कसंतरी होतं, तिसऱ्या रात्री सवय होते. पाय फार गरम होत असतील तर मोज्याचा बोटांकडचा भाग कापून टाका, टाच झाकली म्हणजे झालं.

इथे एक गोष्ट लोक सांगत नाहीत. रोज तेल आणि जेली पिणारे मोजे विस्तवाशेजारी चटकन पेट घेतात. ते घालून शेगडीजवळ बसू नका, जमिनीवर ठेवलेल्या निरांजनाजवळून जाऊ नका. आणि दोन-तीन दिवसांनी गरम पाण्यात धुवा, बाकीच्या कपड्यांत टाकू नका.

काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. सासूबाई अजूनही चोळतात आणि झोप छान लागते म्हणतात. मला शंका नाही, कुणी पाव तास पाय चोळून दिले तर मलाही लागेल. तुपाने टाच मऊही पडते. फक्त ते काळं येतं ना, ती अंगातली उष्णता नव्हे. तुपाशी घासून वाटीचाच धातू निघतो. उघड्या भेगेवर वाटी फिरवू नका आणि तुपाचे पाय धुतल्याशिवाय झोपू नका. आमच्याकडे एकदा रात्रीतून मुंग्यांची रांग थेट अंथरुणापर्यंत आली होती.

घासायचं कधी, किती

पहिला आठवडा अजिबात नाही. नुसतं भिजवा, लावा, झाका. आठवड्याने निबर कडा मऊ होतील, तेव्हा बघा. पुष्कळदा घासायची गरजच उरत नाही.

गरज वाटलीच तर आठवड्यातून एकदा, भिजवल्यानंतर, ओल्या टाचेवर, एकाच दिशेने, प्रत्येक जागी सात-आठ हलके हात. मागे-पुढे करवतीसारखं नाही. खाली गुलाबी दिसायची वाट बघू नका. थोडी जाड राहिलेली कातडी चालते, ती तिथे कामासाठीच आहे. अति खरवडलं की शरीराला वाटतं इथे घर्षण वाढलंय, आणि ते दुप्पट जोमाने कातडी जाड करायला लागतं. दर रविवारी तासभर घासूनही ज्यांच्या टाचा तशाच राहतात, त्यांचं हे असं चाललेलं असतं.

उघड्या भेगेवर वज्री, दगड, काहीच नको. खिसणीसारखी धातूची फाइल मिळते ती नको. ब्लेड तर नकोच, माझी गोष्ट वर वाचलीत. आणि वज्री घरात सगळ्यांची एक हा प्रकार बंद करा. एकाच्या पायाची बुरशी दुसऱ्याच्या पायाला तिथूनच जाते. प्रत्येकाची वेगळी हवी, वापरून झाली की साबणाने धुऊन कोरडी करून ठेवायची. मोरीच्या कोपऱ्यात ओली पडून राहिलेली वज्री टाचेला लावण्यापेक्षा न लावलेली बरी.

भेग उघडी असेल तर

तुकोबांची पालखी पुण्यात नाना पेठेतल्या निवडुंगा विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते, माउलींची भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात. त्या दिवसांत पेठांमध्ये ठिकठिकाणी वारकऱ्यांचे पाय धुऊन, चेपून देतात. एका वर्षी मीही गेले होते. माझ्यासमोर बसलेल्या मावशींच्या उजव्या टाचेला भेग अशी की बघूनच माझ्या पोटात कालवलं. मी तेलाची बाटली उचलली, तर त्यांनीच हात धरला. पिशवीतून पांढरी सुती चिंधी काढली, मला भेगेत थोडंसं तेल सोडायला लावलं, मग दोन्ही कडा बोटांनी जवळ आणून चिंधी टाचेभोवती आडवी आवळली. "फाकू द्यायची न्हाई बाय. फाकली की वाढती."

डॉक्टरही याहून फार वेगळं सांगत नाहीत. उघडी भेग प्रत्येक पावलाला फाकते म्हणून भरत नाही. घरी असं करा: स्वच्छ पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, टिपून घ्या, पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, वर गॉजचा छोटा तुकडा ठेवा आणि भेगेच्या दोन्ही कडा जवळ घेऊन कागदी टेप आडवी लावा. टेप औषधाच्या दुकानात मिळते. सकाळी चालायला सुरुवात करायच्या आधी लावली तर जास्त फायदा. रोज बदला. चार-पाच दिवसांत चालतानाची कळ कमी व्हायला हवी.

जखम भरेपर्यंत युरिया किंवा सॅलिसिलिक आम्ल असलेलं काही लावू नका, झोंबतं. कापूर असलेली मलमंही उघड्या भेगेत चरचरतात. झटपट चिकटवायच्या गोंदाने भेग चिकटवणारे वीर मी पाहिलेत, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. आत घाण अडकली तर ती आतच पिकते. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंत ते आठवत नसेल, भेगेतून रक्त येत असेल आणि तुम्ही मातीत काम करत असाल, तर फॅमिली डॉक्टरांना तेवढं विचारून घ्या.

युरियाची क्रीम

नाव ऐकून माझी आई म्हणाली, "शेतातला?" नाही. रसायन तेच, पण क्रीमसाठी शुद्ध केलेलं. आपल्या कातडीतही थोडा युरिया असतोच, पाणी धरून ठेवणाऱ्या घटकांपैकी तो एक. ट्यूबवर टक्केवारी लिहिलेली असते, ती वाचून घ्या. १० टक्क्यांची क्रीम रोजच्या वापराला, ती मुख्यतः ओल धरते. २० ते २५ टक्क्यांची निबर कडांना, ती मेलेल्या पेशींची पकड सैल करते आणि त्या न घासता हळूहळू निघून जातात. वज्रीचं काम आवाज न करता होतं म्हणा ना. ४० टक्क्यांची डॉक्टरांनी सांगितली तरच. लॅक्टिक आम्लाच्या आणि सॅलिसिलिक आम्लाच्या क्रीमही असतात. गरोदर बायकांनी आणि लहान मुलांसाठी त्या न विचारता घेऊ नयेत.

भेगा भरल्यावर रात्री आधी युरियाची क्रीम, ती जिरली की वर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात, मग मोजे. जाड टाचेसाठी मला तरी एवढंच पुरतं.

दुकानदाराने सुचवलेली "खाज, बुरशी, सूज सगळ्यावर चालणारी" ट्यूब मात्र घेऊ नका. अशा मिश्रणांत बरेचदा स्टेरॉइड असतं. पहिले चार दिवस छान वाटतं, बुरशी असेल तर ती आतल्या आत पसरत राहते.

चप्पल

रात्री सगळं केलं आणि दिवसा घासलेली, कागदाइतकी पातळ झालेली रबरी स्लीपर घातली तर रात्रीचं सगळं पाण्यात. घरासाठी एक जाड, मऊ तळाची चप्पल ठेवा, निदान स्वयंपाक करताना तरी. सासूबाईंना ओट्यापाशी चप्पल पटायला दोन वर्षं लागली. शेवटी "ही फक्त घरातली, बाहेर कध्धी जात नाही" या अटीवर मान्य झाली.

बाहेर जाताना थंडीच्या दिवसांत टाच मागून धरणारे बूट किंवा पट्ट्याचे सँडल, शक्यतो सुती मोज्यांसह. टाचेची गादी कडेने फुगायला मागचा आधार अडसर घालतो. कोल्हापुरी मला जिवापाड आवडते, पण तिचा तळ कडक आणि मागची बाजू उघडी, म्हणून डिसेंबर ते मार्च ती लग्नकार्यापुरतीच. पर्वती किंवा तळजाईला रोज फिरायला जाणाऱ्यांनी तर तळ झिजलेले बूट वेळेवर बदलावेत. दिवसभर उभं राहायची नोकरी असेल तर टाचेखाली ठेवायच्या सिलिकॉनच्या वाट्या मिळतात, त्या वापरून बघायला हरकत नाही.

किती दिवसांत फरक पडेल

तीन-चार दिवसांत टाच हाताला मऊ लागते. वरवरच्या रेषा दोनेक आठवड्यांत बुजतात. जुन्या, निबर कडांना महिना-दीड महिना द्यावा लागतो, कारण तळव्याची जाड कातडी बदलायलाच तेवढा वेळ घेते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पाट-रांगोळीपाशी टाचा नीट दिसाव्यात म्हणून तेरा जानेवारीला सुरुवात करून उपयोग नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात लागा. बऱ्या झाल्या म्हणून सोडून दिलं की पंधरा दिवसांत परत. एकदा टाचा ताळ्यावर आल्या की मग रोज रात्री नुसती क्रीम लावणं पुरतं. दात घासून झाले की ती दोन मिनिटं.

डॉक्टरांकडे कधी

भेगेभोवती लाली, सूज, गरमपणा, पू, किंवा घोट्याकडे चढत जाणारी लाल रेघ दिसली, ताप आला, तर त्याच दिवशी. मधुमेह असेल तर साध्या भेगेलाही.

तीन-चार आठवडे नीट करूनही काहीच फरक नसेल तरी दाखवा, कारण मग ती नुसती कोरडी टाच नसावी. तळवा पिठूळ दिसतो, कडेने बारीक कोंड्यासारखी साल निघते, एकाच पायाला जास्त आहे, नखं जाड-पिवळी झालीत, बेचक्यांत खाज येते, ही लक्षणं बुरशीची. ती तेला-मोज्यांनी जात नाही, उलट मोज्यांत फोफावते. हातांचे तळवेही फुटत असतील किंवा कोपर-गुडघ्यांवर खवल्यांचे चट्टे असतील तर सोरायसिस किंवा इसब असू शकतं. सगळं अंगच कोरडं, थकवा, केस गळणं, वजन वाढणं असेल तर थायरॉइड तपासायला सांगतात. आणि पायाला बधिरपणा असेल तर भेगा असोत-नसोत, जाऊन या. त्वचारोगतज्ज्ञ कातडीची साल खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, बुरशी आहे की नाही ते बऱ्याचदा तिथेच कळतं. खासगीत परवडत नसेल तर ससूनमध्ये त्वचाविकारांचा बाह्यरुग्ण विभाग आहे. सकाळी लवकर जा, रांग असते.

पावसाळ्यात

जून उजाडला की पुण्याची हवा आपोआप टाचांना सांभाळून घेते आणि आपण डबी कपाटात टाकतो. तेव्हा काम उलटं असतं. ओले बूट घालून दिवसभर बसलं की भिजून पांढरी पडलेली टाच तशीच फाटते. ऑफिसात मोज्यांचा एक कोरडा जोड ठेवा, पोचल्यावर पाय पुसून बदला, बूट रात्री वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवा. मोजे घालून झोपणं या दिवसांत बंद, क्रीम मात्र टाचेपुरती दोन दिवसांआड चालू ठेवा. आणि वज्री खिळ्याला टांगा, नाहीतर पावसाळ्यात ती महिनाभर वाळत नाही.